होडी लाल होती

पंचवीस वर्षं मी माशांच्या कारखान्यात
दिव्याच्या टेबलापाशी उभी होते.
काचेखाली उजेड, काचेवर कॉडचा तुकडा, हातात चिमटा.
मांसात वेटोळं घालून बसलेला किडा,
केसाएवढा काटा
उजेडात दिसतो. दिसला की उपटायचा.
सुटला, तर कुणाच्या तरी घशात.

आता टेबलावर पानं असतात.
एल्ड्यार्न जुनी पुस्तकं स्कॅन करतो,
एक यंत्र ती वाचून टंकतं,
आणि इसाफ्योर्दुरच्या जुन्या शाळेत, वरच्या खोलीत,
आम्ही सातजण
यंत्रानं काय वाचलं ते वाचतो.
मग दुसरं यंत्र ते बोलून दाखवतं,
ज्यांना पान दिसत नाही त्यांना.

आमच्या भाषेत एक अक्षर आहे, त्याचं नावच काटा.
यंत्राला तो प वाटतो.
पुस्तकभर प, प, प,
जणू तोंडात गरम बटाटा धरून
कुणी गोष्ट सांगतंय.
म्हणजे म्हातारपणीही मी काटेच वेचतेय.
फक्त आता काढत नाही,
जागच्या जागी परत बसवते.

पानावर कधीकाळी माशी मेलेली असते.
यंत्र तिथे पूर्णविराम देतं.
मक्षिकास्थाने मक्षिका.
आणि दूर कुठेतरी ऐकणारा माणूस
वाक्याच्या मध्येच थांबतो,
माशीसाठी.

ओल्व्हर बंदराच्या कचेरीत हिशेब तपासायचा.
डोळ्यांत तेल घालून बघा, म्हणतो.
लेखकाचं नाही ते काढा, म्हणतो.

पान एकशे त्रेचाळीस. फोटो.
गोट्यांवर ओढलेली होडी, दोन माणसं,
एक हललेला, त्याच्या तोंडाचा धूर झालाय.
चित्राचं वर्णन आम्हीच लिहायचं, दोन ओळींत.
समासात पेन्सिलीचं काहीतरी होतं.
यंत्रानं त्याची केली होती दोन शून्यं,
एक टक्क्याचं चिन्ह.
भिंग लावलं.
"होडी लाल होती."
आणि खाली, बारीक: "मी रंगवली."

फोटो तर काळा-पांढरा.
मलाही लाल दिसत नव्हता.

काढून टाकलं. नियम म्हणजे नियम.
घरी आले, बटाटे करपवले,
रात्री उठून पाणी प्यायले,
सकाळी सगळ्यांच्या आधी जाऊन
वर्णनात तिसरी ओळ घातली.

डोंगराआड गेलेला सूर्य
आमच्याकडे जानेवारी संपताना परततो.
त्या दिवशी गावभर पॅनकेक.
लोण्याच्या बोटांनी मी पत्र उघडलं,
राउफारहोप्नच्या ह्याल्मतीरचं:
"पान १४३ दोनदा ऐकलं.
आठव्या वर्षापर्यंत मला दिसायचं,
म्हणून विचारतो:
लाल म्हणजे कसला? गंजाचा, की बेरीचा?
आणि रंगवणारा कोण? पुढे येतो का तो?"

पुढे येत नाही तो.
किंवा ती. पेन्सिलीवरून कळत नाही.

पत्र मी ओल्व्हरपुढे ठेवलं.
म्हटलं, ओरड आता.
त्यानं चष्मा काढला, पुसला, तसाच हातात ठेवला.
"गेरू," म्हणाला.
"शार्कच्या यकृताच्या तेलात कालवायचे.
आजोबांच्या अंगाला कायम तो वास.
पहिला हात सुकेस्तोवर
सगळी आळी नाक धरून असायची.
उन्हात बघशील तर वीट. ओला असला की रक्त."
मग एकदम ताठ होऊन:
"हे पुस्तकात घालायचं नाही."

नाही घातलं.
पत्रात लिहिलं, जसं बोलला तसं,
नाक धरलेल्या आळीसकट.
पाकिटावर पत्ता ओल्व्हरनंच घातला,
त्याचं अक्षर बरं आहे.

मग पान एकशे चव्वेचाळीस उघडलं.
पहिल्याच ओळीत
चार काटे बसवायचे होते.